पांढऱ्या प्लेटांवरचे काळे ओरखडे

सूनबाई,

मी कामावर निघालोय, उठलीस की आधी हे वाच. पांढऱ्या प्लेटांवरचे काळे ओरखडे म्हणजे चरे नव्हेत. चमचा घासला की त्याचंच लोखंड प्लेटीवर उतरतं, एवढंच. खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून ओल्या फडक्यानं चोळलं की जातात. सगळ्या चोळून ठेवल्यात, बघ कशा चकाकतायत.

काल तू सासूपुढं वेगळी स्टीलची प्लेट ठेवलीस. तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. पण ती दोन घास खाऊन उठली आणि खोलीत मला म्हणाली, "माझा हात थरथरतो म्हणून मला वेगळं काढलं का हो?"

आज तिला सगळ्यांसारखी पांढरीच दे. ओरखडे पडू देत, संध्याकाळी येऊन मी चोळीन. आणि "बाबा, चमचा काय खरवडता लहान पोरासारखं!" म्हणून मला रोज झापतेस ना? अगं, माझा हात चांगला ठणठणीत आहे. तिच्या एकटीच्याच प्लेटीवर रेघा दिसायला नकोत, म्हणून खरवडतो.

दुपारी जेवायला मी नाही. आज तेवढं तू खरवड.

बाबा