काडेपेट्या माझ्या पिशवीत

३ फेब्रुवारी, मंगळवार

आणि दादा फोनवर म्हणतो, "तू जवळ राहतेस, तूच बघ." जवळ राहते म्हणून मी काय आगीचा बंब आहे?

बाबांच्या स्वयंपाकघरातला पडदा जळला. खालून हातभर. शेजारीण वासावर धावत आली, तिनं बादली ओतली. बाबा म्हणतात, "काडी टाकली, ती विझली नव्हती." हात थरथरतो हे नाही सांगत. जन्मभर पावाची भट्टी सांभाळली या माणसानं. लायटर आणून दिला होता, पण अंगठ्यात दाबायला जोर नाही.

काडेपेट्या शोधल्या. फडताळात, उशाखाली, कोटाच्या खिशात. सगळ्या माझ्या पिशवीत टाकल्या. आता लाँड्रीत कामाला जाताना रोज सकाळी मी येणार, गॅसची शेगडी मी पेटवणार. त्यांनी फक्त भात झाला की बटण फिरवायचं. विझवायला काडी लागत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वायरमन येऊन गेला. सतरंजीखालची तार बघून कपाळाला हात लावला. "ताई, इतके दिवस नशिबावर चाललंय हे." हीटर पलंगापासून लांब केला. विजेची किटली लावायची नाही म्हणाला, भिंतीतल्या तारा बदलेपर्यंत. पडदा मी काढूनच टाकला. छताला धूर झाला की वाजणारा भोंगा बसवला.

बाबा खुर्चीतून बघत होते. "हा वाजला की मी पळायचं, का तुझी वाट बघायची?"

वायरमन हसला. मी नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी शेगडीला हात लागला तर गरम. पडदा नाही ना, ऊन थेट आत येतं. भोंगा गप्प आहे. झोप लागायला लागली मला.

११ फेब्रुवारी, बुधवार

लाँड्रीत वाफेची इस्त्री बिघडली, दुपारीच सोडलं. बाबांकडे गेले. शेगडी चालू. बारीक, निळी. वर भांडं नाही, काही नाही. बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीत घोरतायत.

आधी बटण फिरवलं. मग तोंड सुटलं. "डोकं ठिकाणावर आहे का? स्वतः जळाल, वरच्यांची पोरंबाळंही जाळाल." तिथूनच दादाला फोन लावला. म्हटलं, यांना आता काही आठवत नाही. तुझ्याकडे ने, नाहीतर वृद्धाश्रम बघ. रविवारपर्यंत मला उत्तर पाहिजे.

"बघतो."

दादाचं बघतो म्हणजे नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज चहाचा कप हातात घेऊन बाबा आपणहून बोलले. "ठमे, मी विसरलो नव्हतो."

मी भांडी घासत होते. हात थांबले.

"काड्या तू नेल्यास. एकदा विझवली की दुसरा चहा उद्या सकाळी. थंडीत एवढा वेळ कसा काढायचा? भट्टीवाला आच मोडत नाही. बारीक करून ठेवतो."

"रात्री पण?"

"रात्री पण. जिन्यात तुझी चप्पल वाजली की बंद करायचो."

म्हणजे ती शेगडी उन्हानं गरम झालीच नव्हती. पडदा जळला तो एका काडीनं, एकदाच. रात्रभर आग मात्र माझ्यामुळे चालू राहिली, आणि त्या आगीशेजारी बाबांना झोपवून मी घरी निवांत घोरत होते. भोंगा तरी कशानं वाजणार, धूर होता कुठे.

"आधी का नाही बोललात?"

"तू कुठे विचारलंस. तू झडती घेतलीस."

शेगडी बंद करून आले. काडेपेट्या पिशवीतच राहिल्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दाराला आतून साखळी. फटीतून अर्धा चेहरा. आत शेगडी थंडच असणार, काल मी बंद केली ती पेटणार कशानं. चहाही मागितला नाही.

म्हणाले, "दादाला मुदत दिलीस ना? तीच तुला. काड्या परत देतेस, का माझं सामान बांधतेस? रविवारपर्यंत सांग."