पाडव्याची टोपी

बा, उद्या मला अकोल्याला कोर्टात साक्षीला उभं राहायचं आहे आणि आज सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही. चहा दोनदा गार झाला. पिशवी भरली, उपसली, पुन्हा भरली. मी आता अमरावतीला लेकीकडे असतो. ती म्हणते, "बाबा, बसा ना एका जागी, तुमच्यानं मलेच गरगरून राहिलं." तिचं खरं आहे. पण बसलो की मिलच्या शेठचा वकील डोळ्यांपुढं येतो आणि विचारतो, टोपी तुम्ही राजीखुशीनं घातली की नाही? उत्तर येत नाही असं नाही. येतं, म्हणूनच बसवत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाजसुद्धा नीट आठवत नाही, पण टोपीचं हे प्रकरण तुझ्याशिवाय कोणाला समजणार नाही. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा लिहिताना चुका होतील. तुला तरी कुठं वाचता येत होतं.

तू जन्मभर दुसऱ्याच्या वावरात सालदार राहिलास. दर पाडव्याला तुझं साल सरायचं आणि मालकाच्या अंगणात नवं साल ठरायचं. मला अजून दिसतं ते अंगण. कडुनिंबाचा पाला आणि गूळ वाटून झालेला आहे, चार माणसं खाटेवर बसली आहेत, मालक नवी टोपी आणि दुपट्टा घेऊन पुढं येतात. टोपी डोक्यावर घेतली की वर्षभरासाठी माणूस बांधला गेला, आणि मालकही बांधला गेला. तू मात्र एक पाऊल मागं सरकतोस. म्हणतोस, "बोली झाल्याबिगर टोपी नाही, मालक." मग एकेक गोष्ट चारचौघांत बोलून घेतोस. जवारी किती, धोतरजोडा कधी, आणि शेवटी, "कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेले मायले न्यायचं हाय, दोन दिवस सुटी पाह्यजे." मालक हसतात. "लेका, तू सालदार हायस का जज?" तूही हसतोस, पण डोकं वाकवत नाहीस. हो म्हटल्यावरच वाकवतोस. आणि ज्या वर्षी मी स्वतः पहिल्यांदा एका घरी साल धरलं, त्या वर्षी टोपी दिसताच मान पुढं केली, तेव्हा घरी आल्यावर तू मला म्हणालास, "बैल बी जू पाहून एवढ्या लवकर मान देत नाही." मला फार लागलं होतं ते. तीन दिवस तुझ्याशी बोललो नाही.

पुढं मी अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये लागलो. पट्टे बदलता बदलता, चाळण्या दुरुस्त करता करता मिस्त्री झालो. दुसरी एक मिल मला ओढायला लागली तेव्हा म्हातारे शेठ मला घेऊन वकिलाकडे गेले आणि स्टॅम्पपेपरवर करार केला. याचे हातपाय चालतात तोवर हाच मिस्त्री, आणि काढायचं झालं तर कारण लेखी देऊन काढायचं. सही करून ते म्हणाले, "आता तू बी कुठी जायचं नाही अन् मी बी तुले सोडत नाही." मी गेलो नाही. तेच वारले. मिल धाकट्या शेठकडे आली.

गेल्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी मिलमध्ये नव्या मशीनची पूजा होती. पूजा झाल्यावर धाकट्या शेठनं मला पुढं बोलावलं. सगळ्या कामगारांसमोर म्हणाले की मिस्त्रींनी या मिलसाठी जन्म वेचला. मग त्यांनी दुपट्टा हातात घेतला, टोपी हातात घेतली. बा, उद्यावर पाडवा, मालकाच्या हातात टोपी, समोर माणसं. मी काय समजायचं? मला वाटलं, म्हाताऱ्या शेठच्या माघारी लेकानं माझं साल पक्कं केलं. मी डोकं वाकवलं. टाळ्या वाजल्या. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो तर फाटकावरचा चौकीदार म्हणाला, "मिस्त्री, तुमचा तर सत्कार झाला ना? आता काहून आले?" मला वाटलं, थट्टा करून राहिला. मी पण म्हणालो, "तुझा सत्कार करायला आलो." तो हसला नाही. फाटकही उघडलं नाही.

म्हणून दावा लावला. करार मोडला, असा दावा. मला ते काम परत पाहिजे, माझे हात अजून चालतात. पण शेठकडून उत्तर आलं की आम्ही काढलंच नाही, मिस्त्रींनी आपण होऊन काम सोडलं, हा पाहा निरोपाचा फोटो. मी काम सोडलं? रिकाम्या हातांनी मला झोप लागत नाही आणि हे म्हणतात मी सोडलं.

परवा माझ्या वकीलबाईंनी फोटो माझ्यापुढं ठेवला. तरुण पोरगी आहे, इकडचीच. म्हणाली, "काका, तुमी तर याच्यात हसून राहिले."

"हो, हसून राहिलो."

"काहून पण?"

"टोपी घातली न."

तिनं कपाळाला हात लावला. "हे असं कोर्टात बोलू नका बरं. म्हणा, जबरदस्तीनं घातली."

"डोकं तर मीच वाकवलं होतं, बाई."

"ते फोटोत नाही दिसत. अन् एक लक्षात ठेवा, तुमी राजीखुशीनं म्हटलं की आपली केस अर्धी गेली."

तेव्हापासून घरात येरझारा घालतो आहे. केस गेली तर काम गेलं, आणि वर कायमचं नावाला लागेल की यानंच सोडलं. पण जबरदस्ती झाली असं मी सांगू कसं? ती चौकीदारासकट सगळ्यांनी पाहिलेली मान आहे. मी शेवटी ठरवलं आहे, निदान आत्तापुरतं ठरवलं आहे, की जसं झालं तसं सांगायचं. डोकं मी वाकवलं, हसून वाकवलं, पण निरोपासाठी नाही, पुढच्या सालासाठी. आमच्याकडे पाडव्याच्या टोपीचा तोच अर्थ. जजसाहेबांना अमरावती-अकोल्याकडचं काही ठाऊक असेल तर समजेल. नसेल तर तू असायला हवा होतास साक्षीला. तू उभा राहून पहिलं हेच म्हणाला असतास की याची बोली झालीच नव्हती, मग साल कसलं ठरलं, आणि ते माझ्या वकिलापेक्षा शेठच्या वकिलाच्या जास्त कामाचं झालं असतं.

हा कागद टाकायला कुठली पेटी नाही, तो पिशवीच्या तळाशी राहील. एक मात्र तुला सांगून ठेवतो. वकीलबाई म्हणाली होती की ती टोपी कोर्टात आणू नका, कोणाला दाखवूही नका, तेव्हा मी सांगून टाकलं की टोपी केव्हाच हरवली. हरवलेली नाही. लेक बाजारात गेली की मी ती काढून घालतो. माझ्या मापाची आहे, बा. आत्ता हे लिहितानाही डोक्यावर आहे.