पडता वस्तरा

प्रिय भिंगरी,

सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसतोय. दोन ओळी झाल्या की उठतो, खिडकीपर्यंत जातो, नळ नीट बंद आहे का बघतो आणि परत येतो. तुझी आई विचारते, खुर्चीला काटे फुटलेत का. तुला आम्ही भिंगरी म्हणायचो खरं, पण हा गुण आला कुठून ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझं अक्षर तेवढं नीट बघ. पस्तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचो. या पत्रात अक्षरांच्या डोक्यावरची रेघ मधूनमधून डुलते आहे. ती मी मुद्दाम तशीच ठेवली आहे.

त्या दिवशी तू बाळाला उचलून आत गेलीस आणि दारातूनच म्हणालीस, की बाबा, हात थरथरायचे थांबेपर्यंत त्याला घेऊ नका. मला भयंकर राग आला होता. खोटं कशाला सांगू, आठवडाभर तुझं नाव निघालं की मी ताटावरून उठत होतो. तो गादीवरच पडला, त्याला कुठे काय झालं, हेच घोकत होतो. तो निसटला तेव्हा माझे हात वेळेत पुढे आलेच नाहीत, हे मात्र स्वतःशीसुद्धा बोलत नव्हतो. मग एकदा कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढीला बसलो. मास्तरांचा वस्तरा माझ्या गळ्यावरून फिरत होता आणि मी आरशात त्यांचा हात बघत होतो. सत्तरी उलटलेला माणूस, पण हात जराही हलत नव्हता. तिथल्या तिथे म्हटलं, मला वस्तऱ्याने दाढी करायला शिकवा. ते हसले नाहीत. आधी पिणं बंद करा, म्हणाले, तुमच्या गळ्याची जबाबदारी मी घेणार नाही.

पहिले आठ दिवस वस्तरा चेहऱ्याला लावूच दिला नाही. नुसता चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, पाठ पुढे, धार मागे, आणि टोकाला पोचलं की पाठीवरच उलटवायचा. मी घाईघाईत धारेवर उलटवला आणि त्यांच्या जुन्या पट्ट्याला ही मोठी चीर पाडली. आता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ती चीर दाखवतात, पाटीवाल्यांची सही म्हणून. मग गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, भरपूर फेस, डाव्या हाताने कातडी ताणायची, वस्तरा जवळजवळ आडवा धरायचा आणि केस ज्या बाजूला वाढतात त्याच बाजूने बोटबोटभर खाली यायचं. जोर द्यायचा नाही, वस्तऱ्याचं वजन पुरे होतं. जोर न लावता मला साधं दारसुद्धा बंद करता येत नाही, हे तू जाणतेस. पहिल्या दिवशी एका गालाला पाऊण तास लागला. दुसरा तसाच ठेवून घरी आलो, तर तुझ्या आईने दार उघडून विचारलं, उरलेला नवरा कधी येणार?

एक नियम मास्तरांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. वस्तरा हातातून निसटला तर पकडायला जायचं नाही. हात मागे, पाय मागे, पडू द्यायचा. धार गेली तर पुन्हा लावता येते. तरी पहिल्यांदा पडला तेव्हा मी झेलायला गेलोच आणि अंगठ्याला दोन टाके पडले. दुसऱ्यांदा पडू दिला.

पंचावन्न दिवस मी थेंबही घेतला नाही. संध्याकाळचे सात वाजले की घरात अशा येरझाऱ्या घालायचो, की आई म्हणायची, फरशी झिजेल. पण सकाळी आरशासमोर उभा राहिलो की तेवढी पंधरा मिनिटं मी एका जागी असायचो. गालांनंतर हनुवटी जमली, मग गळाही. हे आईने तुला कळवलं असणारच, कारण सोमवारी तुझा फोन आला. रविवारी या बाबा, तो आता बसायला लागलाय, त्याला मांडीवर घ्या, म्हणालीस.

फोन ठेवल्यावर मला घरात राहवेना. पाट्यांच्या कारखान्यातल्या माझ्या जुन्या जोडीदाराला सांगायला धावत गेलो. त्याने आनंदाने बाटली काढली आणि मी नाही म्हटलं नाही. वाईट दिवसांसाठी मनाची तयारी करून ठेवली होती गं, चांगल्या दिवसासाठी केलीच नव्हती. मंगळवारी सकाळी हनुवटीखाली चांगलं इंचभर कापलं. आईला सांगितलं, धार गेली होती. सलूनमध्ये मास्तरांपुढे ही थाप चालणार नव्हती, कारण आदल्या रविवारी धार त्यांनीच लावून दिली होती. त्यांनी तुरटी लावली आणि चीर पडलेला पट्टा माझ्या हातात दिला. पुन्हा पहिल्यापासून. हे पत्र टाकून आलो की आईलाही खरं सांगणार आहे.

आणि तुला हे लिहितोय ते एवढ्यासाठी, की रविवारी मी येतो, येऊ नका म्हणू नकोस, पण बाळाला माझ्या हातात देऊ नकोस. आई आग्रह करेल, जावईबापू म्हणतील घेऊ द्या, आणि मला ठाऊक आहे, मीच हात पुढे करीन. तरी देऊ नकोस. त्याला सतरंजीवर बसव, मी समोर बसतो. हनुवटीखालची चिकटपट्टी ओढेल, ओढू दे. वस्तरा पडला तर पडू देता येतो, पोरी. बाळाला झेलावंच लागेल, आणि माझ्या हातांचा मला अजून भरवसा नाही.

तुझाच, अजून पट्ट्यावरच असलेला,
बाबा