जॅक, पाइपवायर आणि बुवांचा गळा

३ नोव्हेंबर, कसाल
गोव्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घशातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही जाणार. महिनाअखेर ऑपरेशन. मग बुवांचा आवाज बंद, कायमचा.
माझे सासरे असले तरी इथे बुवाच. तोंडावर बाबा म्हणावं लागतं तेवढं पुरे. जन्मभर डबलबारी भजनं केली, समोरच्या बुवाला टोमणे मारमारून जिंकले, आणि धड रेकॉर्डिंग एक नाही. लोकांच्या मोबाइलवरचे तुकडे, त्यात जनरेटरच जास्त. आता त्यांना माझा स्टुडिओ आठवला. कालपर्यंत ‘खोक्यांची खोली’ होती.

५ नोव्हें.
उदयशी भांडण. मृदंग वाजवतो, बापासमोर तोंड उघडत नाही, आणि बायकोला लिनक्स शिकवतो! म्हणे रेकॉर्डिंगला पाइपवायर हे नवं सॉफ्टवेअर टाक, आता सगळे तोच वापरतात. टाकला. लॅपटॉप म्हातारा, बुवांच्या खाकरण्यातही तडतड. बफर वाढवला तर तडतड गेली, पण हेडफोनात आवाज उशिरा.
बुवा : “माझोच आवाज माझ्या मागसून येता. भुताटकी आसा काय गो?”
माझ्या जुन्या सॉफ्टवेअरवर, जॅकवर, यातलं काही नाही. स्वच्छ. मी जॅकच घेणार.

८ नोव्हें.
जॅकवर पहिली बैठक. फुकट गेली.
बुवांना लॅपटॉपवर त्यांच्या कणकवलीकडच्या जुन्या वैऱ्याची यूट्यूबवरची बारी हवी. तो टोमणा मारणार, हे तिथेच थांबवून गजरातून उत्तर देणार. त्याशिवाय गळा सुटत नाही म्हणे. पण जॅक साउंडकार्ड एकटाच धरून बसतो, ब्राउझर मुका.
“त्या मेल्याचो आवाज खंय गेलो?”
“जॅक चालू असलो की येणा नाय, बाबांनू.”
“मगे मी कोणाक उत्तर देऊ? भितीक?”
मोबाइलवर लावलं तर तो आवाज माइकात. इअरफोन दिला, उपटून फेकला. जॅक आणि पाइपवायर एकमेकांना जोडायचा खटाटोप केला, तर जॅकच कोसळला. शेवटी बुवा भिंतीकडे बघून गायले. मढ्यासारखे. तसं तोंडावर सांगितलं मी.

११ नोव्हें.
उ. पुन्हा तेच. “पाइपवायरवर घे. तडतड मागाहून साफ करू.”
“बापाचा शेवटचा आवाज आहे तो. भाजलेले शेंगदाणे नाहीत.”
“हट्टी आसस.”
आहे.
बुवांचा आवाज रोज बसतोय. सकाळी चहा गिळताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१४ नोव्हें.
झालं.
उ.च म्हणाला, समोर कोणीतरी हवं ना, मग तू बस. तू मार टोमणे. मस्करी होती त्याची. मी बसले. जॅक चालू, माइक चालू.
आधी हलकं बोलले. बुवा हसले, “सुनेची बारी! ह्या काय शाळेचा गॅदरिंग आसा?”
मग सुटलंच तोंडातून. “बुवांनू, गळ्यात देव ऱ्हवता म्हणान सांगत फिरलात. आता थंय गाठ ऱ्हवता. उदयची आई गेली तेव्हा खंय होतात? स्टेजार. गळ्यात हार घालून.”
बुवा पांढरे पडले. वाटलं उठून मारतात. त्यांनी डोळे मिटले आणि गजर उचलला. काय आवाज लागला! एवढ्या वर्षांत घरात असा ऐकला नव्हता. आणि तिसऱ्या आवर्तनात, तालात, मला उत्तर :
“पोटाक पोर नाय, तोंडाक दार नाय.”
पुन्हा. पुन्हा. चढत चढत.
उ.चा मृदंगावरचा हात थांबला नाही. समेवर बरोबर आला.

१६ नोव्हें.
चार वेळा ऐकलं. तडतड कुठेच नाही. ती ओळ तर काचेसारखी स्पष्ट, आणि तिच्याखाली नवऱ्याची थाप, जोरकस. कुठेतरी अडखळली असेल म्हणून शोधत होते. नाही अडखळली.
पाइपवायर घेतला असता तर ब्राउझर मुका झाला नसता, यूट्यूबवरच्या त्या मेल्याने टोमणे मारले असते. मी बोलले नसते, बुवाही बोलले नसते.

१९ नोव्हें.
भजन मंडळाची माणसं ऐकून गेली. बुवांचा असा गजर झालाच नाही म्हणतात. त्या ओळीला दाद दिली, मग माझ्याकडे बघून चहाचे कप खाली ठेवले.
उ. : “तुझो तेवढो आवाज काढ. लोक काय म्हणतील?”
काढता येतो, गजराच्या आधीचाच आहे. मग त्यांची ती ओळ काढू का, विचारलं. म्हणाला, “ती खंयची काढतस? तीच तर बारी आसा.”


४ डिसेंबर
बुवा गोव्याहून घरी. गळ्याला भोक, वर पातळ फडकं. बोलायला जातात, नुसती हवा येते. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो गप्पपणा हा. मजा नाही आली.
संध्याकाळी खोलीत येऊन बसले. खूण केली, लाव. त्यांचा गजर लावला. हाताने थांबवलं. मागे. अजून मागे. माझा आवाज आला तिथे बोट वर केलं. ‘गाठ’ ऐकलं, ‘स्टेजार’ ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग पुढचा गजर शेवटपर्यंत ऐकला आणि माइक माझ्याकडे ढकलला. त्यांच्या गजराला माझं उत्तर राहिलंय.
उ. म्हणाला, “पुरे आता, बाबांनू.” त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. टेबलावर थाप मारली, माझ्याकडे बोट.
“उद्या सकाळी,” मी म्हटलं.
उत्तर त्याच दिवसापासून जिभेवर आहे. या खेपेला समोरून काही येणार नाही.
मघाशी उ. स्वयंपाकघरात आला. उद्यासाठी मृदंगाला लावायला कणीक मागितली. मी मळून दिली.