बाबांची मूठ

प्रिय धम्मदीप,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोन लावला की आई जवळ येऊन बसते, आणि तूही लगेच म्हणतोस, ताई, स्पीकरवर टाक. म्हणून लिहायला बसले. बाबांना सोमवारी घरून परत बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलंय. ताप उतरत नाही, छातीत कफ भरलाय. श्वास थांबायला लागला तर पुन्हा मशीन लावायची की नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला ठरवायला सांगितलं. माझं म्हणशील तर ठीक आहे. जेवते, झोपते, आईची वेणी घालून देते. नर्सबाई म्हणाल्या, तुम्ही फार खंबीर आहात. खंबीर कसली रे, सगळं सुन्न झालंय. रडावं म्हटलं तरी रडू येत नाही.

बाबा चिखलीच्या धान्यबाजारात काट्याजवळच पडले, तो दिवस तुला सांगून झालाय. एक गोष्ट मात्र राहिली. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवून सांगितलं होतं की एवढा मोठा रक्तस्राव झाल्यावर शंभरातले बरेचसे जात असतात. जे राहतात त्यांतले थोडेच बोलते-चालते होतात. तुमचा माणूस त्या शंभरातला कोणता, ते मी आज सांगू शकत नाही, थोडे आठवडे पाहू. भगवंतराव काकांचं डोकंच फिरलं. बाहेर येऊन म्हणाले, काय डॉक्टर आहे बे हा! आमचा जानराव एक दाना चावून अख्ख्या पोत्याची ओल सांगते, अन् याले एवढा मोठा फोटो पाहून सांगता येत नाही! त्या दिवशीही मला हसू आलं होतं. तीस वर्षं बाजारात धान्य मोजणारे मापारी होते बाबा, बारा टक्के ओल म्हणाले की यंत्रातही बाराच यायची.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, गळ्याला छिद्र करून श्वासाची नळी बसवायची नि उपचार चालू ठेवायचे, का थांबायचं. बाबांची कूस मी बदलत होते, चादरी मी धूत होते, पण सगळे एकमेकांना विचारायला लागले, पोरगं काय म्हन्ते? तेवढ्यात काकांनी खिशातून मूठभर सोयाबीन काढलं आणि बाबांच्या तळहातावर ठेवलं. मूठ मिटली. वळखलं, वळखलं, म्हणून काका ओरडलेच. आईने वॉर्डभर पेढे वाटले. मी व्हिडिओ काढून तुला पाठवला. पाच मिनिटांत तुझं उत्तर आलं, काय लागन ते करा, बाबा लढून राह्यले.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून बाबांच्या तळहातावर आपला पेन टेकवला. मूठ मिटली. चादरीचं टोक टेकवलं, तरी मिटली. म्हणाले, तान्ह्या बाळाची मिटते ना, तशीच ही आपोआप मिटते. यावरून ते उठतील असंही नाही नि उठणार नाहीत असंही नाही, हे धरूच नका. मी मान हलवली आणि बाहेर आले. बाहेर आई काकांना पुन्हा तेच सांगायला लावत होती. पेनाचं मी कुणालाच सांगितलं नाही. मलाही ते खरंच हवं होतं रे. त्यानंतर दर रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला की मी त्यांच्या हातात दाणे ठेवत गेले. तू मूठ पाहायचास. मी त्यांचं तोंड पाहायचे. डोळे उघडे असतात, पण माझ्याकडे वळत नाहीत, आईकडेही नाहीत. पाठीला जखम झाली आहे. नळीतून कफ ओढताना फक्त कपाळाला आठ्या पडतात.

आज डॉक्टर म्हणाले, पाच महिने पाहिलं, आता मी सांगू शकतो. यापुढे सुधारणा होणार नाही. काका लगेच तुला फोन लावायला लागले. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. मशीन लावू नये, फक्त त्रास होऊ नये एवढं पाहावं, या कागदावर मी सही केली आहे. आईला आधी सगळं सांगितलं, त्या पेनाचंही. माझ्या सहीखाली तिने तिची केली. तुझी घ्यायची नव्हती. तुझा होकार मी पेनाचं लपवून तसाच चालू दिला, आता नकाराचं ओझं तुझ्यावर नको. माझ्यावर चिडायचं तर चीड, पण मिळेल त्या गाडीने ये. आलास की त्यांच्या हातात हात देशील, आणि ते घट्ट धरतील. तुला काय वाटेल ते मला माहीत आहे. मला रोज तेच वाटतं. पण तेवढ्यावरून मला ती सही खोडायला सांगू नकोस.

तुझीच ताई,
रेणुका