माझं अर्धं मत

प्रिय बडबडे,

रविवारी येतेयस, असा तुझा निरोप आईने वाचून दाखवला. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून कामावरून आल्या आल्या लिहायला बसलोय. फोनवर मला धड बोलता येत नाही. आवाज चढतो, मग तू ‘बाबा, शांत व्हा’ म्हणतेस आणि सगळं तिथेच राहतं.

तुझा कार्यक्रम आम्ही वर्कशॉपमध्ये ऐकला. बसचं इंजिन उघडून ठेवलं होतं, तरी मीच सगळ्यांना हात थांबवायला लावले. लेकीचा कार्यक्रम म्हणून रेडिओ मोठा केला. लग्नाच्या नव्या कायद्यावर सगळ्या जनतेचं मतदान व्हायचं होतं, त्याबद्दल तरुणांना काय वाटतं आणि आधीच्या पिढीला काय वाटतं, असा विषय. तुझ्या वयाची मुलं छान बोलली. मग आधीच्या पिढीची पाळी आली आणि माझाच आवाज ऐकू आला. “दोन पुरुषांनी लग्न करायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.” बस, तेवढंच. लगेच संगीत.

नवी पोरं मान खाली घालून कामाला लागली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. तेही चाललं असतं. पण आमच्या फोरमनने पाठ थोपटली, अगदी आमच्या मनातलं बोललास म्हणाला, ते मात्र सहन झालं नाही.

ते मी कुठे बोललो होतो, आठवतंय ना? आपल्या स्वयंपाकघरात, मटार सोलताना. तू सोलण्यापेक्षा खात जास्त होतीस. मला वाटलं, लेक विचारतेय. रेकॉर्ड करतेयस, हे तू सांगितलं नाहीस.

आणि त्या वाक्यावर मी थांबलो नव्हतो. तुझ्या काकाचा मित्र हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजत होता आणि ‘तुम्ही नात्यातले नाही’ म्हणून काकाला दाराबाहेर बसवून ठेवलं, ते मी तुला सांगितलं. इतकी वर्षं एका घरात राहिलेली माणसं, आणि नात्यातली नाहीत. म्हणून मला पटो न पटो, मत मी कायद्याच्या बाजूनेच देणार, असं म्हणालो होतो. तसंच दिलंही. हे मी आईलासुद्धा बोललो नव्हतो. काकाशी तर कधीच नाही. ‘मित्र’ म्हणायचं आणि विषय बदलायचा, एवढंच आम्हा भावांना जमलं.

तुला फोन केला तर तू म्हणालीस, वेळ कमी होता, आणि तुमचं नाव कुठे घेतलंय? बाकीचं रेकॉर्डिंग मागितलं, तर ते केव्हाच पुसून टाकलं म्हणालीस. अगं, सख्ख्या भावाला आवाज ओळखायला नाव लागतं?

काका दर आठवड्याला यायचा, तो यायचा बंद झाला. शेवटी मीच त्याच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभा राहिलो, मग सगळं सांगितलं. तो काच पुसत ऐकत होता. रागावला असता तर बरं झालं असतं.

“दादा,” तो म्हणाला, “मी ऐकलं ते माझ्या कानांनी ऐकलं. आता तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस.”

आणि दारात आलेल्या बाईंना त्याने आत बोलावलं.

पेटीत टाकलेलं मत मी कुणाला काढून दाखवू? त्या दिवशी माझं सगळं बोलणं ऐकलेलं माणूस तू एकटीच. म्हणून हे पत्र. रविवारी आधी घरी येऊ नकोस, स्टेशनवरून सरळ काकाकडे जा. त्यानेच तुला सायकल शिकवलीय, तुझं तो खोटं मानणार नाही. मी बोललो ते सगळं सांग. न पटण्याचं वाक्यही सांग, तेही माझंच आहे. आणि पुढचं तू कापलंस, हेही सांग. जड जाईल, ठाऊक आहे मला. मग घरी ये. आईने तुझी खोली आवरून ठेवलीय. मीही असेन. जेवताना हवापाण्याचं बोलू, आईच्या गुडघ्याचं बोलू. फक्त कशाबद्दल मला काय वाटतं, ते इतक्यात विचारू नकोस.

तरीही तुझाच,
बाबा