पाखरांसाठी घ्यायची होती ती लेन्स

अप्पा, तुम्ही गेल्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ भांडलो, पण कागदावर कधी भांडलो नव्हतो. आज बसलोय ते एका कॅमेऱ्यामुळं. तुम्हाला हसू येईल. तुमच्या वेळी घरात कॅमेरा म्हणजे लग्नात येणारी वस्तू होती आणि तो सांभाळणारा माणूस जेवून जायचा. आता माझ्यासारखा आडत दुकानदारही हौसेखातर कॅमेरा घेतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी सकाळी लातूरबाहेरच्या तलावाकडं जायला लागलो, तिथं पाखरं दिसायला लागली, आणि मोबाईलमध्ये ती काही केल्या नीट येईनात. एवढ्यावरून सगळं सुरू झालं. वाटलं होतं, चार दिवसांत कॅमेरा घेऊन मोकळा होईन. वर्ष गेलं, अप्पा. पूर्ण एक वर्ष मी नुसता बेजार झालो.

हल्लीच्या या कॅमेऱ्यांना मिररलेस म्हणतात. आतला आरसा काढून टाकलाय, म्हणून हलके झालेत. कॅमेऱ्याची बॉडी वेगळी घ्यायची आणि तिच्यापुढं लावायची लेन्स वेगळी. आणि एकदा एका कंपनीची बॉडी घेतली की लेन्सही तिला बसणाऱ्याच घ्याव्या लागतात. दुसरीकडं मन गेलं तरी उपयोग नाही. मग आतला फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेली बॉडी घ्यावी की लहान? मोठ्या सेन्सरवर कमी उजेडात फोटो चांगला येतो, पण त्याच्या लेन्सा उचलून माझा खांदा उतरेल. लहान सेन्सरवर लांबचं पाखरू जवळ आल्यासारखं दिसतं, पण लोक म्हणतात, नंतर पस्तावाल. मी दुकानात सौदे नसले की मोबाईलवर हेच बघत बसायचो. एक माणूस अमुक बॉडीचा देव करायचा, दुसरा तिलाच शिव्या द्यायचा, आणि दोघंही फोटो दाखवायचे ते बर्फाच्या डोंगराचे. माझ्या तुरीच्या रानात, धुरळ्यात आणि उन्हात ती कशी चालेल हे कुणी सांगत नव्हतं. कसंबसं एकीवर मन बसायचं, तोवर नवीन बॉडी बाजारात यायची आणि माझी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

लातुरात दुकानं आहेत, पण बॉडी हातात धरून बघायची म्हटलं की, "ऑर्डर देऊ, मागवून घेऊ." डबा फोडला तर घ्यावंच लागेल. न बघता घेऊ कसं? तुमची सून वैतागली. म्हणाली, "अव्हो, वर्ष झालं तुम्ही मोबाईलात कॅमेरेच बघायलाव. एवढ्या वेळात एखाद्या पाखरानं घरटं बांधून, पिल्लं काढून, ती उडवूनपण लावली असतील." मी तिच्यावर ओरडलो. ती बरोबर बोलली होती म्हणूनच ओरडलो.

त्या दिवशी जेवताना मला पहिल्यांदा कळलं की हा घोळ कॅमेऱ्याचा नाहीच. मला निवडताच येत नाही. आणि ते येत नाही, कारण तुम्ही मला कधी निवडूच दिलं नाही.

आठवतं का, दिवाळीला तुम्ही कापडाचं एकच थान आणायचात आणि त्यात आम्हा तिन्ही भावांचे सदरे व्हायचे. अव्वा स्वयंपाकघरातून हळूच म्हणायची, "धाकट्याला निळा आवडतो." तुम्ही पाटावर बसलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे अजून ओले. तुम्ही भाकरी मोडत म्हणायचात, "आवडून काय करतो? मळखाऊ रंग बरा." सायकल घ्यायला आपण नांदेडला गेलो तो दिवस तर मला अजून लख्ख दिसतो. मी सरळ हँडलच्या लाल सायकलीपाशी उभा आहे. तुम्ही दुकानदाराशी बोलताय. मी म्हणतो, "अप्पा, ही." तुम्ही मागं वळूनही बघत नाही. "तुला काय कळतंय रे? गप ऱ्हा." आणि काळी, भक्कम, मागं मोठ्या कॅरिअरची सायकल बाहेर येते. परतीच्या बसच्या टपावर ती बांधलेली, आणि मी खाली खिडकीशी बसून लोह्यापर्यंत तोंड फुगवून आलो. तुम्ही मला एक पेरू घेऊन दिलात. तोही तुम्हीच निवडलेला, आणि तो गोड निघाला.

खरा त्रास तोच आहे, अप्पा. तुमची निवड चुकायची नाही. ती काळी सायकल मी कॉलेजला जाईपर्यंत टिकली. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही माझ्या हातात दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवलात आणि म्हणालात, "हे घे बक्षीस." मला काय व्हायचंय याचा विचार मी अजून करायचाच होतो. दुकान चाललं. चांगलं चाललं. मुलगी बघायलाही तुम्हीच उदगीरला गेलात आणि येऊन सांगितलंत, "ठरवून आलो." आज तिच्यावाचून माझं पान हलत नाही. एखादी तरी गोष्ट तुम्ही चुकीची निवडली असती तर मला तुमच्यावर धड रागावता आलं असतं. तुम्हाला माती द्यायची जागासुद्धा मळ्यात तुम्हीच दाखवून ठेवली होती. आम्ही फक्त खांदा दिला.

शेवटी गेल्या आठवड्यात मी हिला घेऊन नांदेडला गेलो. तिथल्या एका दुकानात बॉड्या हातात धरायला मिळतात असं ऐकलं होतं. दुकानदार तुमच्या वयाचा, म्हणजे तुम्ही गेलात त्या वयाचा. पांढरी मिशी, आवाज शांत. त्यानं मला एकापाठोपाठ एक बॉड्या दिल्या. एक माझ्या पंजात बसेना, एकीची बटणं इतकी की मला घामच फुटला. त्यातली एक मात्र हातात घेतली आणि बरी वाटली, लहान सेन्सरची. ती ठरली. मला वाटलं, झालं, सुटलो. मग लेन्सची पाळी आली. मी वर्षभर वाचलेलं सगळं बोलायला लागलो. या बॉडीवर अमुक झूम चालेल का, हात हलला तर काय, कमी उजेडात काय. तो ऐकत होता. मग त्यानं हात वर केला आणि हसून म्हणाला, "साहेब, तुम्ही पाखरंच काढणार ना? मग तुम्ही आता काही बोलूच नका. सगळे हीच घेऊन राहिले सध्या. तुम्हाला काय पाहिजे ते मला ठाऊक हाय." आणि त्यानं लांबची मोठी झूम लेन्स काढून काउंटरवर ठेवली.

तो वाईट बोलला नव्हता. त्याचं बरोबरही होतं. वर्षभर वाचून मीही त्याच लेन्सपाशी आलो होतो. पण माझ्या कानशिलात काहीतरी तापलं. मी म्हणालो, "मला ही नको."

"मग कोणती?" त्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. काचेच्या कपाटात कोपऱ्यात एक छोटीशी लेन्स होती. तिच्याबद्दल मी एक अक्षरही वाचलेलं नव्हतं. मी बोट दाखवलं. "ती."

"साहेब, ती पस्तीसची हाय. झूम होत न्हाई. जवळ जायचं तर आपल्याच पायानं जायचं. पाखरू थांबतंय होय तोवर?"

"तीच द्या," मी म्हणालो, जरा मोठ्यानंच. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघायला लागली. ही माझ्याकडं बघतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं मला दुकानदाराशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. एरवी ती म्हणेल ते मी घेतो.

परत येताना मुद्दाम वाट वाकडी करून कंधारला तळ्यावर थांबलो. पाण्यावर चक्रवाकांची जोडी होती, उन्हात नारिंगी सोन्यासारखी. मी चार पावलं पुढं गेलो, ती तेवढीच लांब सरकली. मी चिखलात उतरलो, ती उडाली. मी बटण दाबत राहिलो. मग हिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. पाणी होतं, किल्ल्याचा तट होता, भलंमोठं आभाळ होतं.

"पाखरं कुठायत?" ती म्हणाली.

मी बोटानं दाखवलं. दोन ठिपके.

"आणि यासाठी वर्षभर डोकं खाल्लंत माझं?" ती चिडली. मग माझ्या चिखलानं भरलेल्या बुटांकडं बघून हसायला लागली, आणि मला ते चिडण्यापेक्षाही जास्त लागलं. लातूर येईस्तोवर तुमचा राग, दुकानदाराचा राग, माझा राग, सगळं एकातएक झालं होतं. वर्षभर अभ्यास करून मी शेवटी एका मेलेल्या माणसावरच्या रागापायी भलतीच लेन्स घेऊन आलो होतो. तुम्ही असता तर एका मिनिटात बरोबर ती उचलली असती, भाव पाडला असता आणि वर मलाच गप बसवलं असतं.

काल तिनंच लेन्सचा डबा कॅमेऱ्यासकट पिशवीत घातला आणि मला नांदेडला पाठवलं. म्हणाली, "जावा, बदलून आणा. लाजू नका." मी गेलो. दुकानदारानं ओळखलं, पाणी दिलं, चहा मागवला. हिमायतनगरकडच्या एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होता, ते संपवून माझ्याशी बोलला. एका शब्दानं टोमणा मारला नाही. मोठी झूम लेन्स त्यानं पुन्हा काउंटरवर ठेवली. मी ती बॉडीला लावली, समोरच्या विजेच्या तारेवरच्या कोतवालावर रोखली, आणि त्याची दुभंगलेली शेपटी, डोळ्यातली चमक, सगळं भरून आलं. अगदी हवं तसं. मी बराच वेळ बघत होतो. मग लेन्स काढून त्याच्या हातात दिली, माझी छोटी पुन्हा पिशवीत घातली, चहा संपवला आणि आलो.

हे पत्र मी ठेवणार नाही, कारण घरात ते हिच्या हाती लागेल. घरी आल्यावर तिनं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "एकदा वापरलेली परत घेत नाही म्हणाला." तो घ्यायला तयार होता, अप्पा.